शेवटच्याने बाण मोडायचे

जुन्नर तालुक्यात माझ्याइतक्या पायी मोहिमा नेलेला स्काउटमास्तर दुसरा नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही! बावीस वर्षांत माझ्याकडून एकही मूल हरवलेलं नाही. यंदाची मोहीम पाच दिवसांची होती. जुन्नरहून डिंगोरे, मग ओझर, शेवटी मंचर. अठरा मुलं-मुली, दोन तुकड्या.

निघताना राजमहंमदभाईंनी मला बाजूला घेतलं. पेठेत त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांची आठवीतली रूही पहिल्यांदाच घराबाहेर राहणार होती.

"सर, तिची आई नको म्हणत व्हती. तुमच्याकडं बघून मी हो म्हणलो. तिला नजरेआड होऊ देऊ नका."

"भाई, सावलीसारखा मागे राहीन!"

"तिसऱ्या दिवशी ओझरला येतो. ठीक वाटलं तर ऱ्हाईल, नायतर गाडीवर बसवून घरी आणीन. मग परत कॅम्पचं नाव नाय."

रूही शेजारीच उभी होती. नव्या बुटांच्या नाड्या तिनं दोनदा सोडून बांधल्या.

मी नियम सांगितले. मोबाईल सगळे माझ्या पिशवीत. पुढची तुकडी दगडांचे बाण मांडत जाईल, मागची ते बघत येईल, आणि सर्वांत शेवटी जो असेल त्याने ते मोडायचे. उगीच दुसऱ्या कुणाची फसगत नको. शेवटचा अर्थातच मी. हा नियम मी इतका घोटून घेतला की पोरांनी तो झोपेतही म्हणून दाखवला असता.

दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दुपारी, ओझर अर्ध्या तासावर असताना गेणभाऊंची वस्ती लागली. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी.

"मास्तर, च्या घेतल्याबिगर सोडणार नाय!"

माझा गुडघाही कुरकुरत होता. मागच्या तुकडीची नायिका होती रूहीच. तिला म्हणालो, "तुम्ही व्हा पुढे. पाच मिनिटांत आलोच."

चहा पाच मिनिटांचाच होता. पण बिबट्यानं गेणभाऊंचा कुत्रा कसा उचलून नेला, ही गोष्ट पाऊण तासाची निघाली!

निघालो, तर पाटाच्या कडेला तीन वाटा, आणि बाण एकही नाही! बावीस वर्षांचा अनुभव म्हणाला, डावीकडे. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस, आणि मला तो कुत्रा आठवायला लागला.

घाईघाईनं रूहीला फोन लावला. तो माझ्याच पाठीवर वाजला! अकरा मोबाईल पिशवीत, आणि बोलायला एकही मूल नाही. आमच्या कौसर मॅडम सामानाच्या टेम्पोतून ओझरला पोचल्या होत्या, पण 'मी हरवलो' असं त्यांना कळवण्यापेक्षा ऊस बरा वाटला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. राजमहंमदभाई!

"सर, कुठवर आलात?"

"आलोच की!"

"रूहीला द्या जरा."

"ती ना... पाणी प्यायला गेलीय. एकदम मजेत आहे!"

"बरं," म्हणाले, आणि फोन ठेवला.

स्काउटचा पहिला नियम विश्वासूपणाचा. तो मी मुलांकडून रोज सकाळी म्हणून घेतो. बिबट्याची भीती मागे पडली आणि स्वतःचीच लाज वाटली. एका बापानं मोठ्या मुश्किलीनं लेकीचा हात सोडला होता, आणि मी चहापायी त्याला फसवत होतो. तेवढ्यात ऊस सळसळला. मी जीव खाऊन शिट्टी फुंकली!

"कोण हाय रं उसात?" सावळाराम नावाच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टर थांबवला.

"मी! स्काउटमास्तर!"

"मग पोरं कुठायत?"

"पुढे गेली."

"मंजी तुमी हरवलाय व्हय! बसा, पावणं."

ओझरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. अठराच्या अठरा मुलं हजर. चुलीवर खिचडी, आणि तिच्यासाठी कांदा चिरत बसलेले राजमहंमदभाई. शेजारी रूही.

"कधी आलात भाई?"

"झाला की तासभर. पोरं म्हणली, सर आले न्हाईत, म्हणून फोन लावला. रूही हितंच बसली व्हती. म्हणलं, बघू तरी सर काय सांगतात."

सगळी मुलं माझ्याकडे बघत होती. "भाई, मी खोटं बोललो," मी म्हणालो. रोज सकाळी नियम म्हणून घेणारा आवाज आता वर चढेना.

"पण बाण कुठे गेले?" मी मुलांना विचारलं.

"मी मोडले, सर," रूही म्हणाली. "आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. तुमचा गुडघा दुखत होता, आणि गेणभाऊंच्या दारात मोटारसायकल होती. वाटलं, तुम्ही गाडीनं पुढे गेलात. मग शेवटचे आम्हीच ना?"

नियम माझाच होता. तो पाळून ही पोरगी आपली अख्खी तुकडी पाटावरून नीट घेऊन आली होती.

"भाई, न्यायचं तर न्या हिला. पण चूक माझी आहे, तिची नाही."

रूहीनं मान खाली घालून पुन्हा नाडी सोडली. भाईंनी सुरी पुसून बाजूला ठेवली.

"हिला कशाला नेऊ? ही तर बरोबर आली की." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, मंचरपर्यंत सरांना नजरेआड होऊ देऊ नको."

बावीस वर्षांत माझ्याकडून एकही मूल हरवलेलं नाही, हे अजूनही खरंच आहे. उरलेले दोन दिवस मी दोन तुकड्यांच्या मधोमध चाललो. वाटेत एका टपरीपाशी भीतभीतच चहाचा विषय काढला.

"घ्या ना सर. पाच मिनिटं," रूही म्हणाली, आणि तिची अख्खी तुकडी माझ्यासमोर बसून राहिली.