शेळके सरांचा नोखमाल

शेळके सर वर्गात शिरतात तेव्हा आधी त्यांची छत्री शिरते. काळी, मिटलेली, डोक्याच्या वर धरलेली. बाहेर मे महिन्याचं डांबर वितळत असलं तरी छत्री वरच. तिच्या मागून सर, आणि दारातूनच आरोळी, "चला, मागं राहू नका! डोकं सांभाळा!"

आता आमच्या गारखेड्यातल्या क्लासचं दार चांगलं उंच आहे, डोकं कुणाचंच आपटत नाही. पण सरांनी उभा जन्म दौलताबादच्या किल्ल्यावर, मागच्या पाहुण्यांना दिसावी म्हणून छत्री उंच धरून, गाईडगिरी केली. अंधाऱ्या भुयारातून जर्मन पाहुण्यांना वाकवून वाकवून नेलं आणि त्यांच्याच तोंडून त्यांची भाषा उचलली. पुढं गुडघे दुखायला लागले, किल्ला सुटला, पण छत्री काही सुटली नाही. अवघड धडा आला की वर्गात आजही ओरडतात, "हळू! इथं पायरी हाय!"

मी शेजारच्या खोलीत इंग्रजी शिकवते. मधे भिंत म्हणून प्लायवूड ठोकलंय, त्यामुळं सरांचं जर्मन मला फुकट मिळतं. 'नोखमाल' तर माझ्या पोरांनाही पाठ झालाय. नोखमाल म्हणजे पुन्हा एकदा. सरांची शिस्त अशी की ते जर्मनमधे जे बोलतील ते वर्गानं जसंच्या तसं ओरडायचं, आणि छत्री हलली की नोखमाल. एकदा मधेच सरांना शिंक आली तर अख्खी बॅच शिंकली. खोटं नाही सांगत, मी माझ्या कानांनी ऐकलंय!

खरी पंचाईत पहिल्या दिवसाची. दुसरा कोणी मास्तर असता तर मुळाक्षरं शिकवली असती, आकडे शिकवले असते. शेळके सर पहिल्या दिवशी नवराबायकोची नावं घ्यायला लावतात. ज्यांची लग्नं झाली नाहीत त्यांनी आईबापाची घ्यायची. तास संपेपर्यंत तेवढंच. गेल्या दोन्ही बॅचची निम्मी पोरं पहिल्याच दिवशी उठून गेली. एक मुलगी तर ऑफिसात येऊन मला म्हणाली, "मॅडम, आम्ही जर्मनीला नोकरीला चाललोय, हळदीकुंकवाला नाही!"

या वेळी क्लासचे मालक बोराडे वैतागले. "आज तुम्ही सरांच्या वर्गात मागं जाऊन बसा," मला म्हणाले. "एक जरी जण उठून गेला तरी उद्यापासून पुण्याची ऑनलाइन मॅडम. म्हातारबुवांना घरी बसवतो." सरांनाही त्यांनी हे तोंडावर सांगितलं होतं. सर नुसतं "बरं" म्हणाले. घरी बसून सर काय करणार होते? मुलगा सुरतेला, घरात दुसरं माणूस नाही. क्लासला सुट्टी असली तरी सर येऊन बाकं पुसत बसायचे.

मला वाटलं, आज तरी गडी शहाण्यासारखा मुळाक्षरं काढील. कसलं काय! छत्री आली, डोकी सांभाळून झाली आणि सर सरळ पहिल्या बाकाकडं वळले. तिथं मंगलाबाई बसल्या होत्या. वैजापूरकडच्या शेतकरी घरातल्या, पन्नाशीच्या पुढच्या. लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला निघाल्या होत्या, तिथल्या डॉक्टरीणबाईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून आल्या होत्या.

"फ्राउ मंगलाबाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय? म्हणा, माइन मान हाइस्ट... आन् पुढं नाव."

वर्ग ओरडला, "माइन मान हाइस्ट!" मंगलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अगं बया! मालकाचं नाव कसं घ्यावं सर? तुम्हीच लिहा की."

"तिथं हापिसात विचारतील. पदर लावून भागायचं नाय. नोखमाल!"

नोखमाल झाला, पदर काही हलेना. मागच्या बाकावर वैशाली नावाची नर्स होती. रात्रपाळी करून आलेली, डोळे तांबारलेले. तिनं घड्याळ पाहिलं. "सर, हे परीक्षेत येतं का?"

"नाय येत," सर म्हणाले.

झालं! वैशालीनं पर्स खांद्याला लावली आणि उठली. तिच्या शेजारचे दोघंही चुळबुळायला लागले. माणूस खोटं तरी बोलतो की हो! 'येतं' म्हणाले असते तर काय बिघडलं असतं?

तेवढ्यात मंगलाबाई मागं वळल्या. "ए पोरी, थांब गं. माझ्यापायी नको जाऊस. घेते मी." उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, आणि लग्नाच्या मांडवात घ्यावं तसं एका दमात नाव घेतलं:

"गुलमंडीच्या बाजारात साड्यांचा थाट,
माइन मान हाइस्ट किसनराव, घरी बघतात वाट!"

वर्ग असा काही ओरडला की माझ्या खोलीतली पोरं दारात आली. वैशाली हसत हसत पुन्हा बाकावर टेकली. मग एकेकाची नावं झाली, तिचंही झालं. शेवटी तीच म्हणाली, "सर, आम्हाला सगळ्यांना लाजवलंत. आता तुम्ही घ्या बायकोचं नाव. घ्यायलाच पाहिजे!"

आपल्याकडं नाव कुणी आपणहून घेत नाही. कुणीतरी आग्रह करावा लागतो. सरांना तो आग्रह आजवर कुठल्याच बॅचनं केला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. छत्री खाली आली.

"आमच्यात बायकुला नावानं हाक मारत नव्हते," सर म्हणाले. "आईबापाच्या म्होरं तर नायच. 'ऐकलं का', नायतर 'पोराची आय'. किल्ल्याच्या पायथ्याला ती सीताफळं विकायची. गोरे लोक बायकुला नावानं बोलवायचे, ते ऐकायची. एकदा मला म्हणली, माझं बी घ्या की एकदा. म्हणलं, घेईन. लई लाज वाटायची. मग ती गेली. ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मंगलाबाईंनी पुन्हा पदर तोंडाला लावला, पण या वेळी लाजून नव्हे.

सरांनी खाकरून घसा साफ केला.

"माइने फ्राउ हाइस्ट काशी."

आणि काय सांगू तुम्हाला, शिस्त म्हणजे शिस्त! अख्खा वर्ग ओरडला, "माइने फ्राउ हाइस्ट काशी!" वैशाली ओरडली, मंगलाबाई ओरडल्या, दारातली माझी इंग्रजीची पोरं ओरडली. कुणाची बायको नि कुणाचं काय! मीही ओरडले. प्लायवूड थरथरलं. आवाज ऐकून बोराडे धावत आले आणि दारातच थांबले. बाकं सगळी भरलेली होती.

शेळके सरांनी डोळे पुसले नाहीत. छत्री मात्र वर गेली, पार पंख्याच्या पात्याजवळ.

"नोखमाल," सर म्हणाले.