अकरा वाजताचं फाटक

लेकीला परीक्षेला आपणच सोडायचं, असं ओसमार बेझेराने ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

"मी बसने जाईन, बाबा," मायारा म्हणाली.

"बसने? आमच्या वेळी..." ओसमारने सुरुवात केली.

"तुझ्या वेळी जागा चाळीस होत्या आणि अर्ज एकतीस," बायको लिंदाल्वा म्हणाली. "वर फाटकावर तुझा मावसभाऊ! वीस मिनिटं उशिरा गेलास, तर त्याने आधी कॉफी पाजली."

आता तसं राहिलं नव्हतं. आता सगळ्या देशाची एकच परीक्षा. ब्राझीलच्या राजधानीत एक वाजला की देशभरची फाटकं बंद. इथे पार पश्चिमेला, रिओ ब्रांकोत, तेव्हा अकराच वाजलेले असतात. एक मिनिट उशीर झाला की वर्ष गेलं. फाटकाबाहेर लोक खुर्च्या टाकून आणि टीव्हीवाले कॅमेरे लावून बसतात, उशिरा आलेल्यांची रड बघायला!

ओसमारने रात्रभर डोळा मिटला नव्हता. पोरगी ओळखपत्र हरवेल या भीतीने ते त्याने स्वतःच्या खिशात ठेवलं होतं. (या गृहस्थाने वर्षभरात तीन छत्र्या हरवल्या होत्या.)

अकराला दहा कमी असताना मायारा फाटकातून आत गेली. ओसमारने सुटकेचा निःश्वास टाकला, घाम पुसायला रुमाल काढला, आणि रुमालाबरोबर बाहेर आलं ओळखपत्र.

त्याने घाईघाईने मायाराला फोन लावला. बंद! आत फोन बंदच ठेवावा लागतो. तोवर मागून लोंढा आला आणि ओसमार पार रस्त्यापलीकडे ढकलला गेला. पुन्हा फाटकाशी पोचेपर्यंत अकराला दोन मिनिटं कमी.

"पळा, आजोबा, पळा!" खुर्च्यांवरचे लोक ओरडले.

ओसमार पळाला. पायातली एक चप्पल रस्त्यावरच राहिली. पोट आत ओढून तो फटीतून घुसला आणि मागे फाटक धाडकन बंद झालं. बाहेर टाळ्यांचा कडकडाट.

वर्गाच्या दाराशी मायारा पांढरीफटक उभी होती. "बाबा!" एवढंच म्हणाली आणि कार्ड हिसकावून आत पळाली.

"तुमचा वर्ग कुठला?" पहारेकरणीने विचारलं.

"मी... मी बाप आहे."

"बाप असा, नाहीतर आजा. फाटक आता उघडायचं नाही. त्या बाकावर बसा. आणि बोलायचं नाही!"

दोन तास तो एका चपलेवर, तोंडाला कुलूप लावून बसला.

जानेवारीत निकाल फोनवर आला. मायाराला नर्सिंगला जागा मिळाली! ओसमार दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. गल्ली पेढे... म्हणजे नारळाच्या वड्या खायला लोटली. समोरच्या झुल्मीराबाईने त्याची ती धाव टीव्हीवर पाहिली होती. तिने मायाराचा मुका घेतला, मग ओसमारचा हात हातात घेऊन हळूच म्हणाली,

"रडू नकोस रे. सगळ्यांनाच पहिल्या खेपेला जमतं असं नाही. पुढच्या वर्षी परीक्षेला बस पुन्हा."