पुसायचा राहिलेला चेहरा

गायधनी काका माणसाच्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत, कपाळाकडे बघून बोलतात. नवा माणूस आधी कपाळावरून हात फिरवतो, काही लागलंय की काय म्हणून. मग काका विचारतात, "डोक्याचा एमआरआय काढलाय का कधी?" गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणाचा जावई पहिल्यांदा येणार असला, की त्याला काकांपासून लांब ठेवायची रीतच पडली आहे.

काका इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झाले आणि मेंदूच्या मागे लागले. देशोदेशीची काही मंडळी मिळून मेंदूचे स्कॅन मोजायचं सॉफ्टवेअर लिहितात आणि ते कुणालाही फुकट देतात. काका त्यांच्यातले एक. स्कॅन बघून डॉक्टर म्हणतात, इथे जरा पांढरं दिसतंय. या 'जरा'वर काकांचा राग. एका मशीनवरचं पांढरं दुसऱ्यावर करडं दिसतं, म्हणून नुसतं बघू नका, मोजा, असं त्यांचं म्हणणं. "जरा म्हणजे किती?" हे ते भाजीवालीलाही विचारतात. भेंडी जरा जून हाय, असं ती बिचारी एकदा खरं बोलून बसली. आता काका दिसले की ती मुकाट्याने कोवळी भेंडी निवडून ठेवते.

मोजायचं तर तुलनेला पुष्कळ डोकी लागतात, आजारी आणि धडधाकट दोन्ही. म्हणून काका लोकांकडे जुने स्कॅन मागत हिंडतात. अर्धशिशीच्या वेळी काढलेला माझा मीही दिला. ते रीतसर परवानगी घेतात, नाव काढून टाकतात. पण स्कॅनमध्ये नाक, डोळे, ओठ सगळं उमटतं, माणूस ओळखू येतो. म्हणून तो जगासाठी खुला करण्याआधी त्यातला चेहरा पुसावा लागतो. माझा त्यांनी माझ्यासमोरच पुसला. "गेलास," म्हणाले आणि चहा टाकायला उठले. तो चहा मला काही गोड लागला नाही.

एक स्कॅन मात्र अडला होता, काकांच्याच घरातला, मालतीकाकूंचा. काकूंना विसरण्याचा आजार आहे. कळत होतं तेव्हा त्यांनीच नवऱ्याला बजावलं होतं, की हे डोकं आता मला पुरायचं नाही, निदान दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू दे. काकांनी शब्द दिला. पुढे काकूंना एकेक करून सगळे परके झाले, काकाही. आता त्या काकांना 'भाऊ' म्हणतात, आणि काकाही त्यांच्याशी अहो-जाहो करूनच बोलतात. दिलेला शब्द मात्र तसाच पडून राहिला.

गेल्या रविवारी सकाळी काकांनी मला बोलावून कॉम्प्युटरसमोर बसवलं. बटण तू दाब, म्हणाले. पडद्यावर काकूंचा चेहरा होता, करडा, डोळे मिटलेले. डोक्यावर केस नव्हते, एमआरआयमध्ये केस येत नाहीत. मी त्यांना समजावायला गेलो, की मूळ स्कॅन तुमच्याकडे राहणारच आहे, पुसायची ती प्रत.

"कळतं रे मला," काका म्हणाले. "ती माझा चेहरा विसरली. आता मी तिचा पुसायचा, एवढंच जमत नाही."

तेवढ्यात आतून काकू आल्या आणि पडद्यासमोर थांबल्या.

"कोण हो या, भाऊ? झोपल्यात वाटतं."

"आमच्या घरच्या आहेत," काका म्हणाले. "लोकांच्या मदतीला जायचंय त्यांना."

"मग जाऊ द्या की."

काकांनी माझा हात बाजूला सारला आणि बटण स्वतः दाबलं. चेहरा गेला, मेंदू तेवढा उरला. काकू त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या.

"गेल्या का?"

"गेल्या."

"डबा नेला ना?"

"नेला," काका म्हणाले. "तुमच्याच हातचा."