गाडीत नसलेला माणूस

दस्तगीरचाचा शिकलगार दर वर्षी सहलीला एकटे जातात. यंदा ते एकटे गेले तेव्हा गाडी मी चालवत होतो.

हे मी चारचौघांत सांगितलं की लोक माझ्याकडे काळजीनं बघतात, म्हणून नीट सांगतो. चाचा साताऱ्याच्या आमच्या कॉलनीत समोरच्या घरात राहतात. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी लाल गाडी चालवली, त्यातली बरीचशी सातारा ते कवठे महांकाळ ह्या एकाच रस्त्यावर. रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी मोटार घेतली आणि दर जानेवारीत त्याच रस्त्यानं, त्याच थांब्यांवर थांबत जायला लागले. "एकतीस वर्सं ह्या गावांची फकस्त स्टँडं बघितली," ते म्हणतात. "दहा मिन्टाचा हॉल्ट. मुतारी, चहा, डबल बेल. गाव आतनं कसं असतंय ते न्हाईच बघितलं."

डबल बेल म्हणजे कंडक्टर दोनदा घंटी वाजवतो ती. ती वाजली की ड्रायव्हरनं निघायचं. चाचांच्या बोलण्यात ती अजून वाजत असते. जेवण उरकलं की "डबल". पाहुणे फार वेळ बसले की त्यांच्या तोंडावर "डबल". मोतीबिंदू काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही हे खुर्चीतून उठून "डबल" म्हणाले आणि सरळ ऑपरेशनच्या खोलीकडे चालू लागले. नर्सनं परत आणून बसवलं.

तर ह्या मोतीबिंदूनंच घोळ केला. ऑपरेशन झाल्यावर महिनाभर गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलेलं, आणि जानेवारी संपत आलेला. यंदाची सहल चुकवायची नाही असं चाचांनी धरूनच ठेवलं होतं. शेवटी चाची माझ्याकडे आल्या. "माने, ते काय ऐकत न्हाईत. तुमीच जावा संगं."

चाचांनी बराच विचार केला आणि अट घातली. "चला तुमी. पण मी एकटा चाललोय. तुमी गाडीत हाईसा असं मी धरणार न्हाई."

म्हणजे मी बोलायचं नाही. हॉटेलात वेगळ्या टेबलावर बसायचं. कुठं थांबायचं, काय खायचं यात मत द्यायचं नाही. आता मी विमा एजंट. बोलणं हाच माझा धंदा. समोरचा माणूस झोपेत असला तरी मी त्याला पॉलिसी समजावून सांगू शकतो. पण चाचींना शब्द दिला होता, गिळलं.

एकटं फिरण्यापेक्षाही चाचांचा दुसरा एक नाद मोठा आहे. त्यांची लेक शबाना अमेरिकेत असते. चार वर्षांपूर्वी चाचा आणि चाची तिच्याकडे तीन महिने राहून आले. चाची लेकीला वर्षभराचा मसाला करून देण्यात रमल्या, चाचा कंटाळले. तिच्या घरामागच्या सार्वजनिक बागेत झाडांच्या मधून मधून लोखंडी टोपल्या उभ्या केल्या होत्या, त्यांच्यावर साखळ्या लोंबत होत्या, आणि लोक लांबून प्लॅस्टिकच्या थाळ्या फेकून त्या टोपल्यांत पाडत होते. ह्याला डिस्क गोल्फ म्हणतात. थाळी जिथं पडेल तिथंच उभं राहून पुढची फेक करायची, आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. दुसऱ्या दिवशी चाचा लुंगीवर त्या लोकांच्या रांगेत उभे होते.

येताना सहा थाळ्या घेऊन आले. इथल्या वेल्डरकडून सायकलची रिम आणि झोपाळ्याच्या साखळ्या जोडून टोपली करून घेतली, ती डिकीत बसते. थाळ्यांना नावंही दिली. सगळ्यात लांब जाते ती विनाथांबा, मधली ती जलद, आणि टोपलीजवळ आल्यावर अलगद टाकायची ती शटल. शटल टोपलीत पडून साखळ्या खळखळल्या की चाचा म्हणतात, "उतरा, स्टँड आलं."

पहिला डाव उंब्रजच्या अलीकडे झाला. रस्त्याकडेला ऊस तुटून गेलेलं मोकळं रान होतं. चाचांनी लांब बांधावर टोपली रोवली, डोळ्याला तो ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावला आणि विनाथांबा फेकली. ती गेली वाकडी. आता ह्यांना लांबचं नीट दिसत नाही, आणि मी तर तिथं नाहीच. चाचा हवेकडे बघून म्हणाले, "कुठं पडली असंल बरं?"

"बाभळीच्या डावीकडं," मीही हवेलाच म्हणालो.

"माझ्या अंदाजानं बाभळीच्या डावीकडं असंल," चाचा स्वतःशी म्हणाले आणि तिकडे चालू लागले.

तोवर तिथं दोन शेतकरी येऊन उभे होते. लोखंडी सांगाडा, काळा चष्मा, पावलं मोजत चाललेला म्हातारा आणि मागं गाडीला टेकून गप्प उभा असलेला मी. त्यांची खात्रीच पटली. एकानं मला दबक्या आवाजात विचारलं, "सायेब, रस्ता वाढवायचा सर्वे हाय न्हवं?" मला बोलायची बंदी, मी मान हलवली. ती कशीही हलली असती तरी त्यानं तिचा अर्थ व्हय असाच घेतला असता. थाळी पडेल तिथून रस्ता जाणार असं धरून तो थेट बाभळीकडे गेला, त्याच्या रानात पडलेली थाळी त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि बांध ओलांडून पलीकडच्या रानात नेऊन ठेवली. ते रान त्याच्या चुलत भावाचं होतं. तो चुलत भाऊ म्हणजे बरोबरचाच दुसरा माणूस. त्यानं थाळी उचलून परत अलीकडे आणली.

पाच मिनिटं थाळी बांधावरून इकडून तिकडं जात होती. पोलीसपाटलाला बोलवा इथपर्यंत आलं. चाचा पोचले तेव्हा थाळी नेमकी बांधावर होती आणि दोघांचेही हात तिला होते. चाचांनी ती शांतपणे घेतली, बांधावरच उभं राहून पुढची फेक केली आणि म्हणाले, "भांडू नगासा. रस्ता न्हाई काय न्हाई. मी खेळतोय." दोघांचाही विश्वास बसला नाही. आम्ही निघालो तेव्हा ते खुंट्या ठोकत होते.

कराडला आख्खा मसूर. चाचांचा जेवणाबद्दल एक सिद्धांत आहे, की ड्रायव्हरला जेवणाची चव म्हणून माहीतच नसते, कारण तो गिळतो, चावत नाही. म्हणून आता ते चावतात. एक रोटी आणि एक वाटी मसूर त्यांनी तासभर चावला. दोन टेबलं सोडून मी तिसरी रोटी संपवून बडीशेप खात होतो. हॉटेलवाल्यानं दोनदा येऊन विचारलं, "काका, बरं वाटत न्हाई का? लिंबूपाणी देऊ?" चाचा म्हणाले, "गड्या, ह्या टेबलावर मी बावीस वर्सं उभ्यानं जेवलोय. आज बसू दे."

तिथून आष्ट्याला आलो. आष्टा हे असं गाव आहे की तिथून जाताना माणूस भजी खातोच. पण चाचांनी भज्यांच्या गाड्यापासून लांब, स्टँडच्या भिंतीला लागून गाडी थांबवायला लावली. टोपली काढली नाही. खाली उतरले नाहीत. काच बंदच ठेवली.

मग समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागले. माझ्याशी नाही. मी नव्हतोच.

"गौतम कांबळे म्हणून माझा कंडक्टर," ते म्हणाले. "बावीस वर्सं एकाच गाडीवर. कवठे महांकाळचा. तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. मी म्होरं बसून दिसभर बडबड करायचो, तो मागनं कवातरी 'हं' म्हणायचा. मला रिटायर व्हायला दोन वर्सं हुती. दुपारची येळ, गाडीत चार माणसं, ती बी पेंगलेली. हितं आष्ट्याला गौतम खाली उतरला, कंट्रोलच्या खिडकीत गाडीची नोंद करून भजी आणायला गेला. आन मी गाडी काढली. अकरा किलोमीटर गेलो कंडक्टर सोडून."

मी हसणार होतो. त्यांचा आवाज ऐकून हसलो नाही.

"चौकशी लागली. मी लिवून दिलं, डबल बेल वाजली म्हणून निघालो. कुणा प्याशिंजरनं दोरी वढली असंल. मंग माझी चूक न्हाई, गाडी सोडून खायला गेला त्याची चूक. त्येची बदली केली, लांबच्या डेपोला. घर कवठे महांकाळला, बायको तितंच. पुन्यांदा तो माझ्याशी बोलला न्हाई."

त्यांनी समोरच्या काचेवरची धूळ आतून बोटानं पुसली.

"घंटी वाजली नव्हती. मी खोटं लिवलं. दर सालाला त्येला हे सांगायला जातो. त्येच्या गल्लीच्या तोंडाला मोकळं पटांगण हाय. तितं टोपली लावतो, दोन डाव खेळतो, आन माघारी येतो. घरापातुर पाय जात न्हाई. आन आता फेब्रुवारीत तो लेकीकडं नागपूरला चाललाय. कायमचा. आज न्हाई तर मग न्हाईच."

मला खरं तर खूप बोलायचं होतं. एजंटाकडे असल्या वेळी सांगायला पंधरा वाक्यं तयार असतात. पण हे सगळं ते मला सांगू शकले ते मी गाडीत नाही असं धरल्यामुळेच, हे माझ्या डोक्यात आलं. गाडी सुरू केली.

सांगलीत चाचांनी भडंगाचा पुडा घेतला, मिरज गेलं तरी फोडला नाही.

कवठे महांकाळला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. पटांगणाच्या कडेला लिंबाचं झाड, त्याच्यापलीकडे गल्ली. चाचांनी टोपली लावली. पंधरा पावलांवरून शटल टाकली, चुकली. पुन्हा टाकली, चुकली. आठ वेळा चुकली. नवव्यांदा टाकलीच नाही, हातात धरून उभे राहिले. मग टोपलीकडे चालत गेले आणि ती उपटायला लागले.

मी अट मोडली. "चाचा, टोपली मी भरतो डिकीत. तुम्ही जाऊन या."

ते वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "माने, तुमी येता का संगं?"

"मी तर नाहीच आहे ना."

"आता हाईसा," चाचा म्हणाले.

कांबळेंचं दार उघडं होतं. आत सुतळीनं बांधलेली खोकी, गुंडाळलेल्या गाद्या, आणि भिंतीवर अजून न काढलेला बुद्धाचा फोटो. बनियनवर स्वेटर घातलेला एक किडकिडीत माणूस खुर्चीवर बसून खोक्यांवर नावं लिहीत होता. त्यांनी आम्हाला बघितलं. मला म्हणाले, "या." चाचांना काही म्हणाले नाहीत. कांबळेवहिनींनी आतून पाण्याचे दोन तांबे आणले. मी बसलो, चाचा दारातच उभे राहिले, चपला हातात धरून.

"गौतम," ते म्हणाले, "घंटी वाजली नव्हती."

कांबळेंनी पेनाचं टोपण लावलं. "हे मला काय सांगतूस? घंटी वाजवनारा मी. मी तर भज्याच्या गाड्यावर हुतो. वाजंल कशी?"

"मी खोटं लिवलं. माझं चुकलं. तुझी बदली झाली माझ्यापाय."

"बदल्या हुत्यात. त्येचं काय घिऊन बसलास." कांबळे थांबले. ह्या माणसाला सलग चार वाक्यं बोलायची सवय नव्हती, ते दिसत होतं. "बावीस वर्सं मी तुझ्या मागं हुबा ऱ्हायलो. भजी बी तुझ्यासाठीच आणाय गेल्तो, तुला गरम लागत्यात म्हणून. आन तू अकरा किलोमीटर गेलास. मी गाडीत न्हाई हे तुला कळलंच न्हाई. फाट्यावर म्हातारी चढली, तिनं तिकीट मागितलं, तवा कळलं. म्हंजे मी असलो काय आन नसलो काय, तुला सारकंच. मला ते लागलं. खोट्याचं न्हाई."

चाचांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं. ते रडत होते, आणि लपवत नव्हते.

"कळंल कसं रं," ते म्हणाले. "अकरा किलोमीटर मी तुझ्याशीच बोलत हुतो."

"काय बोलत हुतास?"

"रिटायर झालो की दोघं ह्याच रस्त्यानं जाऊ म्हणत हुतो. गाडी आपली, टायम आपला. एकेका स्टँडाला उतरायचं, गावात जायाचं, बसून जेवायचं. कराडला मसूर, आष्ट्याला भजी, समदं वळीनं सांगत हुतो. सुरवात कवा करायची ते बी सांगितलं, जानेवारीत. तू न्हाई म्हणाला न्हाईस. मला वाटलं, तुला पटलं."

वहिनी आतल्या दाराशी पदर धरून उभ्या होत्या. मी गप्प होतो, आणि ह्या वेळी मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

कांबळे खोक्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन खिशाला लावलं आणि आतल्या खोलीकडे मान वळवली.

"आगं," ते म्हणाले, "माझी चप्पल कंच्या खोक्यात भरली, बघ जरा."