इंदुबाईंचा नंबर

इंदुबाईंचा मोबाइल नंबर आता त्यांचा राहिलेला नाही हे हिलालला कळलं, त्या दिवशी लेक रूपालीच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. इंदुबाईंना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. पण कापड कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटात हिलालला फोनची रिंग ऐकू येत नसे, म्हणून घरच्या प्रत्येक कागदावर बायकोचाच नंबर होता.

डिंडोलीच्या खोलीत बापलेक फॉर्म भरत होते. ओटीपी पाठवला, असं स्क्रीनवर आलं. कपाटातला इंदुबाईंचा फोन गप्पच.

"पप्पा, याला रिचार्ज कधी मारला होता?"

"तिला काय लागतं आता रिचार्ज?"

रूपालीने कपाळावर हात मारला आणि आपल्या फोनवरून तोच नंबर स्पीकरवर लावला. चक्क रिंग गेली. एका म्हातारीने फोन उचलला, "चलथाणहून उषाबाई बोलते. कोण?"

"मावशी, हा नंबर माझ्या आईचा होता. आत्ता ओटीपी आलाय, तो सांगा ना. नाही तर माझी स्कॉलरशिप जाईल, कॉलेज सुटेल."

"ओटीपी कोणाला द्यायचा नाही. नातीनं दम दिलाय."

"अहो, मी हिलाल. हिचा बाप."

"हिलाल? रोज दुपारी बोलून पाठवतो तो?"

रूपालीने बापाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत तो शेडबाहेर उभा राहून व्हॉट्सॲपवर इंदूला निरोप पाठवायचा. चार महिन्यांपासून निरोपांपुढे दोन निळ्या खुणा उमटत होत्या. त्याने कोणाला काही विचारलं नव्हतं. ती ऐकते, एवढं त्याला पुरेसं होतं.

"खरा हिलाल असशील, तर काल काय बोललास ते सांग."

"पोरगी बसलीय इथं."

"मग राहू दे ओटीपी."

"पप्पा, दोनच मिनिटं आहेत!"

हिलालने भिंतीकडे तोंड केलं. "म्हटलं, इंदू, पोरगी भाजीत मीठ लय टाकते. अगदी तुझ्यासारखं. तुला कधी बोललो नाही, तिलाही बोलत नाही."

उषाबाईंनी सहा आकडे सांगितले. रूपालीने ते भरले. फॉर्म सबमिट झाला.

"इतके दिवस ऐकलं, मग बोलल्या का नाहीत?" हिलालने विचारलं.

"तू बायकोशी बोलत होतास. मी मध्ये कशी बोलू?"

दुसऱ्या दिवशी डब्यातल्या भाजीत मीठच नव्हतं. जेवून हिलाल शेडबाहेर आला. फोन हातात होता, पण कोणाशी बोलायचं ते सुचेना. तेवढ्यात त्याच नंबरवरून निरोप आला. त्याने फोन कानाला लावला.

"आज मीठ कसं होतं?"

"नव्हतंच," हिलाल म्हणाला आणि पाठवून दिलं. दोन निळ्या खुणा आल्या.

कागदांवरचा नंबर बदलायचा अजून राहिला आहे.