चौथं प्रकरण आणि वेताची खुर्ची

खिडकीजवळची वेताची खुर्ची भंगारात जाणार की राहणार, याचा निकाल पोकरवर लावायचं ठरलं, तेव्हा निवृत्त ग्रंथपाल मनातून खूश झाले. खुर्ची बायकोला भंगारात द्यायची होती, त्यांना ठेवायची होती. पोकरवरचं एक पुस्तक त्यांनी दोनदा वाचलं होतं. खेळले मात्र एकदाही नव्हते. तिसरा गडी म्हणून बायकोची मोठी बहीण आली. ती रुग्णालयातली निवृत्त मेट्रन. प्रत्येकाला वीस बटणं. ज्याच्याकडे शेवटी सगळी बटणं, खुर्ची त्याची.

मेट्रनबाई पत्ते न बघताच बटणं पुढे सरकवत.

"ताई, निदान बघ तरी!"

"बघून काय ते बदलणारेत?"

ग्रंथपालांना चौथं प्रकरण आठवलं. समोरचा मागे हटतच नसेल तर थापा मारू नका, चांगल्या पानांची वाट बघा, मग भरपूर लावा. ते वाट बघत बसले. डावामागे एक बटण जात राहिलं. तेराव्या डावाला चक्क चार राजे आले! त्यांनी उरलेली सगळी बटणं लावली.

"तुम्ही लावताय? मग मी नाही बाई," बायकोने पत्ते टाकले.

मेट्रनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पत्ते बघितले आणि टाकले.

"अहो, पण तुम्ही कधी मागे हटत नाही!"

"भावोजी, तुम्ही कधी पुढे येत नाही."

म्हणजे आपल्याला घाबरतात तर! पुढच्या डावाला हातात काहीच नसताना ग्रंथपालांनी पुन्हा सगळं लावलं.

"मघाशी बघून पस्तावले," मेट्रनबाई म्हणाल्या. "आता नाही बघत. चला!"

त्यांच्याकडे दोन दुऱ्या निघाल्या. तेवढ्या पुरल्या. बायकोची बटणंही दोन डावांत तिकडेच गेली.

"खुर्ची जिन्यावरून उतरायची नाही," मेट्रनबाई तिच्यात ऐसपैस बसत म्हणाल्या. "राहू दे इथेच. मीच येत जाईन. रोज आठला."

दुसऱ्या दिवशी त्या आठला आल्या. नऊपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवून घेतले होते. त्या गेल्यावर बायकोने पत्त्यांचा जोड ग्रंथपालांपुढे आपटला.

"काहीही करा, खुर्ची परत जिंका!"

"आणि भंगारवाला?"

"जिंकलात तर खुर्ची तुमची. त्याला हातही लावू देणार नाही!"

ग्रंथपाल कपाटाशी गेले. "अगं, पोकरचं पुस्तक कुठंय?"

"ताईनं नेलं. म्हणाली, आता जरा नीट अभ्यास करून खेळते."

ग्रंथपाल शांतपणे बटणं मोजायला बसले. जिंकण्याची आशा त्यांना आज पहिल्यांदाच वाटत होती.