पाहुण्यांपुरती ऊब

लोकांना मदत कशी करावी हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! म्हणजे, असं मी गेल्या नोव्हेंबरपर्यंत चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो. चौतीस वर्षं मी इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या या डोंगरांतून बस चालवली. कोण कुठे चढतं, कुणाचा कुठला गुडघा दुखतो, सगळं तोंडपाठ. त्यामुळे चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांसाठी 'उबेची खोली' निघाली, तेव्हा तिचा प्रमुख कोण होणार? अर्थात मीच!

बुधवारी आणि शुक्रवारी गरम सूप, आणि सूप पोटात गेलं की फॉर्म. हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार मदत देतं, पण आधी फॉर्म भरून घेतं. तो फॉर्म इतका जाडजूड की नुसता पेटवला तरी एक संध्याकाळ निघावी! मी बावन्न जणांचे फॉर्म भरले. राहिल्या फक्त ब्रॅमलीबाई.

ब्रॅमलीबाई आमच्या शेजारी एकट्या राहतात. वय चौऱ्याऐंशी, छाती अधू, आणि घर असं गार की लोणी कापायला करवत घ्यावी लागेल. आदल्या हिवाळ्यात न्यूमोनियानं दोन महिने इस्पितळात होत्या. या खेपेला तपासणीच्या नर्सबाईंनी त्यांच्या बैठकीच्या खोलीत तापमापक टांगला आणि ठणकावून सांगितलं, "आजी, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मी येणार. पारा अठराच्या खाली दिसला, तर वृद्धाश्रमात नाव घालणार. मग माझ्या नावानं बोटं मोडा!"

"या घरातून मी एकदाच बाहेर पडणार," बाई म्हणाल्या, "आणि तीसुद्धा आडवी."

मी फॉर्म घेऊन गेलो. "ब्रॅमलीबाई, इथे सही करा. बाकीचं मी बघतो."

"नको रे क्लिफर्ड. माझ्यापेक्षा गरजू लोक आहेत."

"असतील! पण त्यांचे फॉर्म मी भरलेत!"

"मग त्यांच्याहून गरजू असतील."

आता या तर्कापुढे कपाळ बडवून घेण्याशिवाय काय करणार! त्यांचा गॅसचा मीटर कार्डाचा. आधी दुकानात पैसे भरायचे, मग जाळायचा. म्हटलं, "बरं, कार्ड तरी द्या. मी भरून आणतो." तर बाईंनी छत्रीच उचलली! "त्रेसष्टच्या हिवाळ्यात नळ गोठले होते, माझं पोर तापानं फणफणलं होतं, तेव्हा मी कुणापुढे हात पसरला नाही. आता तुझ्यापुढे पसरू? चल, नीघ!"

मी दाराशी पोचतोय तेवढ्यात पर्सी आला. पर्सी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारा जुना गिरणीकामगार. रिकामी बशी परत करायला आला होता. आणि काय सांगू! ज्या बाई माझ्यासमोर दोन स्वेटर, एक कोट आणि टोपी घालून बसल्या होत्या, त्या टुणकन उठल्या. "अगंबाई, पर्सी आलाय!" असं म्हणून त्यांनी हीटर पेटवला, तोही पूर्ण! मी शेजारी, घरातलाच. माझी मोजदाद पाहुण्यांत नव्हती. पण पर्सी टोकाचा, म्हणजे पाहुणा! आणि पाहुणा आपल्या घरात अंगावर कोट ठेवून बसला, तर आमच्याकडे सात पिढ्यांची अब्रू जाते. एकटं असताना माणसानं गोठून मरावं, हरकत नाही!

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी धावतच घरी गेलो.

"एनिड! मिळाला उपाय! बाईंकडे रोज पाहुणे पाठवायचे. म्हणजे हीटर रोज चालू!"

माझी बायको गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून शब्दकोडं सोडवत होती. तिनं मफलर नाकाखाली ओढला. "आणि गॅस कुणाचा जळणार?"

"एनिड, तू लगेच तपशिलात शिरतेस!"

"बरं. आपला हीटर कधी लावायचा? सकाळी माझ्या कवळीचा पेला गोठला होता."

"आपल्याला काय धाड भरलीय? आपल्यापेक्षा गरजू लोक आहेत!"

तिनं फक्त पिशवी दुसऱ्या बाजूला वळवली.

मी बसचं वेळापत्रक आखतात तसं पाहुण्यांचं वेळापत्रक आखलं. दहा ते बारा पर्सी, बारा ते दोन गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्या बहिणी, आणि असेच पुढे. आता खरं कारण सांगितलं असतं तर कुणीच हललं नसतं, म्हणून दोन्हीकडे थोडं तिखटमीठ लावलं. पर्सीला म्हणालो, "बाई फार एकट्या पडल्यात रे. जाऊन बसत जा." आणि बाईंना म्हणालो, "पर्सीच्या घरी भयंकर थंडी आहे हो. जरा शेकू द्या बिचाऱ्याला." दोघांचेही डोळे पाणावले. आपल्या हुशारीवर मी स्वतःच खूश!

पहिला आठवडा झकास गेला. पारा एकवीस! मी सकाळ-संध्याकाळ जाऊन तापमापक बघायचो, आणि बघता बघता हीटरला पाठ लावून अर्धा तास बसायचो. पाहणी नीट व्हायला नको? बाई पाहुण्यांना काकवी घातलेला आल्याचा केक करून वाढायच्या. पर्सीनं ही बातमी क्लबात सांगितली. दुसऱ्या आठवड्यात नऊ जण आले. तिसऱ्यात चौदा! प्रत्येकाला वाटे, आपण एकट्या बाईला सोबत करतोय. बाईंना वाटे, आपण चौदा काकडलेल्या जिवांना वाचवतोय. जो तो परोपकारानं नुसता फुटायला आला होता!

इकडे हॉलमध्ये सूप प्यायला कुत्रं फिरकेना. पाद्रीबाबांनी मला बाजूला घेतलं. "क्लिफर्ड, रिकामी खोली कशाला तापवायची? बंद करू." गावातली एकुलती एक फुकटची ऊब माझ्याच कर्तबगारीनं बंद पडली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती!

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाहणीला गेलो. खोली गार. बाई दोन स्वेटर, कोट आणि टोपीत. ओठ निळे, खोकला थांबत नव्हता. पारा अकरा!

"बाई, हीटर?"

"गॅस संपला रे काल." त्यांनी कार्ड दाखवलं. "नाताळपर्यंत पुरवायचा होता. पण चौदा माणसं येतात, त्यांना गारठ्यात कसं बसवायचं? काल मी त्यांना म्हटलं, मला जरा झोप आलीय, तुम्ही उद्या या." आणि त्या हसल्या. "नर्सबाई दुपारी येईल. नेऊ दे आता. सुटकेस काढून ठेवलीय."

जिन्याशी खरंच सुटकेस होती. या बाईंच्या साठ वर्षांच्या घराला मी माझ्या वेळापत्रकानं तीन आठवड्यांत कुलूप लावलं होतं! कार्ड भरायला मागितलं, तर त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात सारलं आणि छत्रीकडे बघितलं.

मग मला शेवटचा उपाय सुचला. तीस वर्षांपूर्वी बर्फात माझी बस अडकली होती. इंजिन बंद, आत साठ माणसं, आणि काचांवरून घामाचे ओघळ! मी गल्लीभर धावलो. "चला! सगळे चला! कारण विचारू नका!"

चौदा म्हातारे, त्यांच्या तीन काठ्या, एक चाकाची खुर्ची, एनिड आणि मी, असे सगळे त्या चिमुकल्या खोलीत कोंबले. दारंखिडक्या घट्ट!

"श्वास सोडा!" मी ओरडलो.

"सोडतोच आहे की," पर्सी म्हणाला. "या वयात तेवढंच जमतं."

"जोरात! पारा चढायला हवा!"

तेरा. पंधरा. दोघी बहिणींनी जागच्या जागी पाय आपटायला सुरुवात केली. सोळा. कुणीतरी भजन धरलं. सतरा! ब्रॅमलीबाई मधोमध बसून सगळ्यांना विचारत होत्या, "केक देऊ का रे?" आणि दार वाजलं तेव्हा पारा बरोब्बर अठरावर! मी आनंदानं एनिडला मिठी मारणार होतो, पण हात वर करायला जागा नव्हती.

नर्सबाईंनी दार उघडलं. खोलीतली वाफ त्यांच्या चष्म्यावर बसली. "अरे देवा! इतका कोंदटपणा! म्हणून आजी खोकतायत!" आणि त्यांनी सरळ जाऊन खिडकी सताड उघडली.

सतरा. चौदा. बारा. माझ्या डोळ्यांदेखत!

"हा काय प्रकार आहे? कुणी केलं हे?"

चौदा बोटं आणि तीन काठ्या माझ्याकडे वळल्या. मी सगळं कबूल केलं. कुणाला काय थाप मारली, तेही. पर्सी म्हणाला, "म्हणजे आम्ही यांचा गॅस जाळला?" आणि तो रडायलाच लागला.

नर्सबाई म्हणाल्या, "आज, आत्ता फॉर्म भरलात तर वृद्धाश्रमाचं थांबवते. नाहीतर सुटकेस उचला."

"भरते," ब्रॅमलीबाई म्हणाल्या. "पण आधी क्लिफर्ड भरेल."

"मी? माझा काय संबंध?"

"रोज दोनदा येऊन माझ्या हीटरला चिकटून बसायचास. मला कळत नाही होय? गर्दी वाढल्यावर इतरांना मी मध्यम आच ठेवायचे. तू आलास की पूर्ण! म्हटलं, बिचाऱ्याच्या घरी फार हाल दिसतात, पण मानी आहे, बोलणार नाही."

"खरंय," पर्सी नाक पुसत म्हणाला. "एनिड मफलर घालून झोपते म्हणे."

"म्हणे काय, घालतेच!" एनिड म्हणाली. तिचे ओठही निळे होते. तीन आठवडे मी शेजारचा तापमापक बघत होतो, घरातलं हे तोंड बघितलंच नव्हतं. मला अशी लाज वाटली की सांगता सोय नाही. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी मान खाली घालून सही केली. मग बाईंनीही पेन घेतलं. शेवटचं पान त्यांनी स्वतःच भरलं, आणि मी इतका खजील झालो होतो की वाचलंही नाही.

जळलेला गॅस परत करायचा म्हणून चौदा जणांनी बाईंचं कार्ड नाताळापुरतं भरलं. जानेवारीत पत्रं आली. माझा अर्ज मंजूर. बाईंचा अडकला. शेवटच्या पानावर विचारलं होतं, 'घरात तुमच्यासोबत आणखी कोण असतं?' त्या बाईनं आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही. त्यांनी लिहिलं होतं, 'रोज चौदा जण. चहा घेऊन जातात.' आता कचेरीला चौदाही जणांच्या उत्पन्नाचे दाखले हवेत!

नर्सबाई म्हणाल्या, "दाखले मिळेपर्यंत आजींना दिवसभर उबेत बसवा. जबाबदारी कुणाची, ते सांगायला नको."

म्हणून ब्रॅमलीबाई सकाळी दहाला विणकाम घेऊन आमच्याकडे येतात. आमच्याकडे म्हटल्यावर त्या पाहुण्या! एनिडनं पहिल्याच दिवशी हीटर पूर्ण लावला. मग बाईंना भेटायला पर्सी आला. मग दोघी बहिणी. काल पंधरा डोकी होती. माझी खुर्चीही गेली. मी स्वयंपाकघरात कोट-मफलर घालून चौदा जणांच्या दाखल्यांचे अर्ज लिहीत बसतो.

काल बाईंनी दारातून डोकावून विचारलं, "क्लिफर्ड, गारठ्यात काय बसलायस? आत ये, सरकून घेतो आम्ही."

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "नको हो. माझ्यापेक्षा गरजू लोक आहेत."

"बरं," एनिड आतून म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं. ऊब बाहेर जात होती ना!